गीतरत्न: दोन हजार वर्षांचं वाचन

हिब्रू बायबलमधलं ‘शिर हाशिरीम’, म्हणजे मराठी बायबलमधलं ‘गीतरत्न’, हे आठ अध्यायांचं प्रेमकाव्य आहे. त्यात आज्ञा नाहीत, पापपुण्याचा हिशेब नाही. आहेत ती एकमेकांच्या देहावर जीव जडलेली दोन माणसं. परंपरा हे काव्य शलमोन राजाचं मानते, पण निम्म्याहून अधिक बोल स्त्रीचे आहेत. ती रात्री प्रियकराला शोधत नगरात फिरते, पहारेकऱ्यांचा मार खाते, तरी आपली ओढ लपवत नाही. एन-गेदीचे द्राक्षमळे, डाळिंबं, गंधरस आणि थेट हिमालयातून आलेल्या जटामांसीचा सुगंध, सगळं तिच्या प्रेमात सामील आहे.

असं काव्य पवित्र कसं, हा वाद इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या यहुदी धर्मगुरूंमध्येही होता. रब्बी अकिवांनी त्याला पवित्र ग्रंथांमध्ये सर्वांत पवित्र ठरवलं आणि मेजवान्यांत ते गाणाऱ्यांना खडसावलं. म्हणजे लोक ते गात होते! पुढे प्रियकर म्हणजे देव आणि प्रेयसी म्हणजे इस्राएल, असा अर्थ रूढ झाला. ख्रिस्ती परंपरेत तिसऱ्या शतकात ओरिजेनने प्रेयसीच्या जागी चर्च आणि मानवी आत्मा पाहिला. बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या बर्नार्डने यावर ८६ प्रवचनं लिहिली, तरी तो जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीपर्यंतच पोहोचला.

सरळ अर्थ सांगणाऱ्यांना मात्र किंमत मोजावी लागली. स्पेनमधल्या सालामांकाचे प्राध्यापक फ्राय लुइस दे लेओन यांनी हे काव्य हिब्रूवरून स्पॅनिशमध्ये आणलं आणि त्यातल्या प्रेमिकांचं बोलणं आधी शब्दशः उलगडलं. लोकभाषेतल्या बायबलवर तेव्हा बंदी होती. १५७२मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यांना पकडलं. या भाषांतराचा आरोपही त्यांच्यावर होता. सुटका झाली १५७६च्या अखेरीस. ते पुस्तक छापलं गेलं १७९८मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. त्याआधी, १७७८मध्ये, जर्मनीत विचारवंत हेर्डरने ही प्रेमगीतंच आहेत असं उघडपणे मांडलं होतं. पुढे प्राचीन इजिप्तची प्रेमगीतं वाचली गेली, तेव्हा त्यांतही प्रेयसीला ‘बहीण’ म्हणण्याची गीतरत्नातलीच रीत दिसली.

रूपकाने हे काव्य जपलं, त्याचे उपकार आहेतच. यहुद्यांच्या वल्हांडणाच्या सणात ते आजही वाचलं जातं. पण त्याच रूपकाने त्या स्त्रीचा आवाज शतकानुशतकं दाबला, हेही तितकंच खरं. म्हणून भाष्यं नंतर वाचा. आधी मराठी बायबल उघडून ते आठ अध्याय एका बैठकीत, मोठ्याने वाचा.