सहलीचे पैसे कोणामार्फत घ्यावेत?

ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यात आपल्या समाजातील काही होतकरू तरुण सहलींच्या व्यवसायात उतरले आहेत. बोधगया, राजगीर, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती, लुंबिनी ही मोठी धम्मसहल. शिवाय दीक्षाभूमी, महाड, भीमा कोरेगाव अशा लहान सहली. पूर्वी वहीत नाव लिहून रोख रक्कम घेतली की काम भागत असे. आता प्रवासीच विचारतो, “मोबाईलवरून पाठवू का? कार्ड चालेल का?” आणि ‘आमच्यामार्फत पैसे घ्या’ म्हणणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी दुकानाच्या पायरीवर उभे असतात.

अशा वेळी आपले तरुण बहुधा एकच प्रश्न विचारतात : टक्का किती घेणार? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण सहलीच्या धंद्यात तो तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पैसे मधल्या काळात कोणाच्या ताब्यात राहतात आणि ते आपल्या हाती केव्हा येतात, हे दोन प्रश्न त्याच्या आधीचे होत.

किराणा दुकानदार साखर देतो आणि पैसे घेतो. व्यवहार तिथेच संपतो. सहलवाल्याचे तसे नाही. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. म्हणजे हावडा मेलने गयेला चाळीस माणसे न्यायची तर निदान दोन-अडीच महिने आधी पैसे गोळा करावे लागतात. हे पैसे देणारा कोण असतो? निवृत्त शिपाई, सफाई कामगार, बचत गटातून रक्कम उचललेली एखादी माउली. शिवाय सहलीची जाहिरात विहाराच्या फलकावर लागलेली असते. म्हणजे संस्थेचा शब्दही त्यात गुंतला. सहल होईपर्यंत ही रक्कम खऱ्या अर्थाने प्रवाशाचीच असते. आपण केवळ सांभाळणारे.

दुसऱ्याचा पैसा सांभाळण्याची रीत आपल्या भागाला नवी नाही. नाशिकच्या लेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवले : २००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत द्यायचे नाही, व्याज मात्र चीवर व इतर खर्चाला वापरायचे, असे स्पष्ट लिहिले आहे. आणि हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवून त्याची नोंद केल्याचेही लिहिले आहे. कान्हेरीच्या लेखांत आपल्या कल्याणच्या दात्यांची नावे आहेत, तीही याच परंपरेतली. रक्कम कोणाकडे, कोणत्या अटीवर, कशासाठी, हे सारे दगडावर कोरले जाई. आपल्याकडे करारपत्राची पंधरा पाने असतात आणि ती वाचायची सोडून सही होते!

आता आजचा पैसा कसा प्रवास करतो ते पाहू. प्रवाशाने कार्डाने दहा हजार भरले, तर ते थेट आपल्या खात्यात येत नाहीत. मध्ये दोन प्रकारची मंडळी असतात. ‘पेमेंट गेटवे’ ही तांत्रिक वाहिनी; ती निरोप पोहोचवते, पैशाला हात लावत नाही. ‘पेमेंट अॅग्रिगेटर’ मात्र अनेक व्यापाऱ्यांचे पैसे आधी स्वतःकडे गोळा करतो आणि मग प्रत्येकाला त्याचे त्याचे देतो. बोलताना आपण दोघांनाही गेटवेच म्हणतो. जोखीम या दुसऱ्याकडे असते, म्हणून रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी अशा कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वसमावेशक निर्देश दिले. बँकेखेरीज इतर कोणाला हे काम करायचे तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, आणि व्यापाऱ्यांचे पैसे अनुसूचित बँकेतील स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. कंपनीला स्वतःच्या खर्चासाठी त्यांना हात लावता येत नाही.

परवानगी कोणाला मिळाली, कोणाचा अर्ज विचाराधीन आहे, कोणाचा परत गेला, याची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. प्रतिनिधी कितीही गोड बोलला तरी ती पाहावी, आणि नाव अक्षरशः जुळवावे. पुष्कळदा दारात येणारा माणूस हा दलालाचा दलाल असतो. करार कोणत्या कंपनीशी होणार आणि पैसे कोणत्या खात्यातून येणार, हे लेखी मागावे. ते मिळत नसेल तर पुढचे बोलणे थांबवावे.

आता टक्क्याकडे वळू. एकच आकडा सांगणाऱ्याकडून प्रत्येक प्रकाराचा वेगळा दर काढून घ्यावा. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे व्यवहारापोटी व्यापाऱ्याच्या रकमेतून होणारी कपात, शून्य आहे. (यूपीआयचा प्रारंभ ११ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे महात्मा फुले जयंतीच्या दिवशी झाला, त्याच वर्षी ३० डिसेंबरला आलेल्या ‘भीम’ अॅपला बाबासाहेबांचे नाव आहे. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे.) इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून मर्यादा घातली : वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या व्यापाऱ्यास शेकडा ०.४०, तेही २०० रुपयांपेक्षा जास्त नाही; त्यावरील व्यापाऱ्यास ०.९०, कमाल १००० रुपये. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. तिथे घासाघीस करावी. शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा. आपले बहुतेक प्रवासी यूपीआयनेच पैसे देतात, म्हणून सरसकट दोन टक्के कबूल करणे म्हणजे फुकटच्या गोष्टीचे पैसे मोजणे होय.

खरी मेख पुढे आहे. समजा, चाळीस प्रवाशांनी प्रत्येकी दहा हजार आगाऊ दिले; एकूण चार लाख, आणि हिशेबापुरते धरू की सर्व क्रेडिट कार्डाने. एक कंपनी दोन टक्के घेते आणि दुसऱ्या दिवशी रक्कम देते : शुल्क ८,००० व जीएसटी १,४४० मिळून ९,४४० रुपये. दुसरी पावणेदोन टक्के घेते : ७,००० व १,२६०, एकूण ८,२६०. बचत ११८० रुपये, म्हणून आपण खूश. पण दुसरीच्या करारात बारीक अक्षरात लिहिलेले असते की दहा टक्के रक्कम सहा महिने राखून ठेवली जाईल. म्हणजे चाळीस हजार अडकले. तिकडे बोधगयेच्या निवासाची रक्कम भरायची आहे. ते चाळीस हजार शेकडा तीनने सावकाराकडून उचलले तर सहा महिन्यांचे व्याज ७,२०० रुपये होते. अकराशे वाचवायला सात हजार गेले!

कंपनी अशी रक्कम का राखते, हेही समजून घेतले पाहिजे. ती काही उगाच छळत नाही. ‘सेवा मिळाली नाही’ अशी तक्रार कार्डधारकाने आपल्या बँकेकडे केली, तर बँक ती रक्कम परत ओढते. यास ‘चार्जबॅक’ म्हणतात. त्याची मुदत सर्वसाधारणपणे पैसे दिल्यापासून मोजली जात नाही. सेवा ज्या दिवशी मिळायची होती त्या दिवसापासून सुमारे १२० दिवस असते. जुलैत पैसे घेतले, ऑक्टोबरात सहल ठरली, तर फेब्रुवारीपर्यंत टांगती तलवार. तोवर सहलवाला दुकान बंद करून गेला तर भुर्दंड अॅग्रिगेटरवर. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनमधील थॉमस कुक कंपनी कोसळली तेव्हा सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले होते. (भारतातील त्याच नावाची कंपनी वेगळी आहे.) आपल्याकडे १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज आणि ३ मे २०२३ रोजी गो फर्स्ट थांबली, तेव्हा पैसे विमान कंपनीकडे आणि प्रवासी एजंटाच्या दारात, अशी स्थिती झाली. टाळेबंदीतील विमान तिकिटांच्या परताव्यासाठी तर १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. म्हणून या व्यवसायाकडे कंपन्या जोखमीचा म्हणून पाहतात.

काही जण यातून पळवाट काढतात. नोंदणी करताना ‘स्टेशनरी’ किंवा ‘जनरल स्टोअर’ असे लिहितात. असे मुळीच करू नये. अचानक दीड-दोन लाखांची उलाढाल दिसली की चौकशी लागते आणि रक्कम नेमकी हंगामात अडकते. शिवाय खऱ्या नोंदणीचा फायदाही आहे : पडताळणी झालेल्या प्रवास व्यावसायिकास १५ सप्टेंबर २०२५ पासून यूपीआयने एका व्यवहारात पाच लाखांपर्यंत रक्कम घेता येते.

खजिनदाराच्या किंवा घरच्यांच्या बचत खात्याचा नंबर देऊन पैसे गोळा करण्याची पद्धतही सोडावी. कोणा प्रवाशामार्फत फसवणुकीतली रक्कम नकळत त्या खात्यात आली, तर सायबर तक्रारीवरून खात्यातील रक्कम गोठवली जाऊ शकते. त्यात घरखर्चाचा पगार आणि चाळीस लोकांची सहल दोन्ही अडकतात. उद्यम नोंदणी करून व्यवसायाच्या नावे चालू खाते उघडावे आणि सहलीची आगाऊ रक्कम शक्यतो आणखी एका निराळ्या खात्यात ठेवावी.

सगळी मदार एकाच कंपनीवरही नको. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १५ मार्च २०२४ नंतर पेटीएम पेमेंट्स बँकेत नवे पैसे जमा होणे बंद झाले. ज्या दुकानदारांचा क्यूआर दुसऱ्या बँकेच्या खात्याशी जोडलेला होता त्यांचे काम चालू राहिले. ज्यांचे पैसे त्याच बँकेत जमा होत होते त्यांना धावपळ करून खाते बदलावे लागले. एका बँकेचा क्यूआर आणि एक अॅग्रिगेटर असे दोन मार्ग ठेवले म्हणजे पुरे.

परताव्याबाबत दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. एक, परतावा दिल्यावर आधी कापलेले शुल्क आपल्याला परत मिळते काय? बहुधा मिळत नाही. आठ प्रवाशांनी ऐंशी हजारांचे आरक्षण रद्द केले, तर दोन टक्के दराने जीएसटीसह १,८८८ रुपये आपल्या खिशातून जातात. हे धरूनच रद्दीकरणाचा नियम करावा. दोन, परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने जावा, असे २०२० चीच तत्त्वे सांगतात. ग्राहकाने स्वतः संमती दिली तरच दुसरा मार्ग. ‘कार्डाने भरले, रोख परत दिले’ असे केले तर चार्जबॅक आल्यावर सिद्ध करणे कठीण. रद्दीकरणाचे नियम सोप्या मराठीत छापून पावतीसोबत द्यावेत, त्यावर प्रवाशाची सही घ्यावी, रेल्वे तिकिटाची व निवासाच्या नोंदवहीची प्रत जपून ठेवावी. चार्जबॅकला उत्तर द्यायला फार थोडे दिवस मिळतात.

प्रवाशाचा कार्ड क्रमांक मात्र वहीत लिहू नये. १ ऑक्टोबर २०२२ पासून तो व्यापाऱ्याने साठवून ठेवण्यास मनाई आहे.

सही करण्यापूर्वी एक प्रयोग सांगतो. कंपनीकडून चाचणीची सोय मागून घ्यावी, स्वतःच्या कार्डावरून शंभर रुपये भरावेत आणि ते आपल्या चालू खात्यात किती दिवसांनी व किती कापून आले ते लिहून ठेवावे. मग दुसरे शंभर भरून ते परत करावेत आणि कार्डावर केव्हा दिसतात ते पाहावे. त्याच आठवड्यात कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन लावावा. प्रत्येक कंपनीने तक्रार निवारणासाठी नोडल अधिकारी नेमून त्याची माहिती जाहीर करणे बंधनकारक आहे. तो अधिकारी फोनवर भेटतो की नुसते ‘एक दाबा, दोन दाबा’ ऐकू येते, हे चाळीस प्रवाशांचे पैसे घेण्याच्या आधी कळलेले बरे.