अल्झायमर : जोडीदाराच्या शुश्रूषेतील कृतज्ञता

भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण होय. आपल्याकडे अशा रुग्णांची शुश्रूषा बहुतांशी घरीच होते आणि अनेकदा तो भार वयोवृद्ध पती किंवा पत्नीवर येतो.

या आजारात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाची हानी लवकर होत असल्याने ताज्या घटनांची आठवण आधी पुसली जाते. सकाळी भरवलेला घास दुपारी आठवत नाही. पुढे जोडीदाराचे नावही हरवते. मग या सेवेचे सार्थक कशात, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या २०१४ मधील अभ्यासातून त्याचे काही अंशी उत्तर मिळते. अल्झायमरच्या रुग्णांना आनंदी व दुःखद चित्रपट-दृश्ये दाखविण्यात आली. दृश्ये ते लवकरच विसरले. त्यांतून उमटलेली भावना मात्र त्यानंतरही टिकून राहिली. म्हणजेच मायेने हात धरल्याचे विस्मरण झाले, तरी त्यातून मिळालेला दिलासा काही काळ उरतो.

कृतज्ञतेला आधार मिळतो तो इथेच. ती दुःख नाकारत नाही; हरवलेल्याचा शोक करतानाच उरलेल्याची नोंद घेते : जुन्या गाण्यावर धरलेला ठेका, ओळखीचे हसू, शांत झोपेची एखादी रात्र. अशी एक गोष्ट रोज वहीत लिहून ठेवता येईल.

मात्र कृतज्ञता ही विश्रांतीला पर्याय नव्हे. नातलगांकडे ठरावीक वेळेची मदत निःसंकोच मागावी. मन खचल्यास ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन उपलब्ध आहे.