पाठीतले पाणी काय सांगते?

"डॉक्टर पाठीतलं पाणी काढायचं म्हणतात," असे कानावर पडले की घरच्या मंडळींच्या छातीत धस्स होते. कोणी म्हणते, "पाणी काढलं की माणूस लुळा पडतो." दुसरा म्हणतो, "नको बाबा, आपण घरी नेऊ." या होय-नाहीत जो वेळ जातो, तोच पुष्कळदा रोग्याच्या जिवावर बेततो. तेव्हा हे पाणी म्हणजे काय, ते कशासाठी काढतात, आणि त्याच्या तपासणीत संगणकाचे काम कोणते, हे आज सावकाशीने समजावून घेऊ.

आपला मेंदू कवटीत कोरडा बसवलेला नाही. तो एका स्वच्छ पाण्यात तरंगत असतो. हेच पाणी खाली पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूभोवतीही असते. मोठ्या माणसात ते साधारण 150 मिलिलिटर, म्हणजे कपभर भरते. मात्र ते साचलेले पाणी नव्हे. मेंदूतील पोकळ्यांत ते सतत तयार होते आणि पुन्हा रक्तात जिरते. दिवसाकाठी सुमारे 500 मिलिलिटर तयार होते, म्हणजे ताशी वीस मिलिलिटर. आता हिशेब करा. तपासणीसाठी दहा मिलिलिटर काढले, तर ती भर अर्ध्या तासात निघते!

आणि लुळे पडण्याची भीती? मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई टोचतात ती त्याखाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये. तेथे घोड्याच्या शेपटीच्या केसांसारख्या नसा पाण्यात लोंबत असतात. सुई आली की त्या बाजूला सरतात. जर्मनीतील हाइनरिख क्विंके या डॉक्टरांनी 1891 साली ही रीत मांडली, आणि ती आजही चालू आहे. काहींचे डोके नंतर एकदोन दिवस दुखते. पडून राहिले की बरे वाटते. मेंदूवर फार दाब असल्याची शंका आली, तर डॉक्टर आधी डोक्याचे चित्र काढून खात्री करून घेतात.

आता तपासणीकडे वळू. निरोगी पाणी विहिरीच्या निवळशंख पाण्यासारखे दिसते. त्याच्या एका घन मिलिमीटरात पांढऱ्या पेशी पाचांहून अधिक नसतात, आणि साखर रक्तातील साखरेच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. जंतूंमुळे मेंदूच्या आवरणाला सूज आली, तर पाणी गढूळ होते, पेशी शेकडो-हजारोंनी वाढतात आणि साखर उतरते. विषाणूची सूज असेल, तर पेशी वाढतात, पण साखर बहुधा जागच्या जागी राहते. क्षयाची सूज असेल, तर साखर उतरते, प्रथिने वाढतात, आणि कधी कधी नळीत ठेवलेल्या पाण्यावर कोळिष्टकासारखी साय धरते.

एवढे तर सूक्ष्मदर्शकानेही कळते. मग संगणक कशाला? त्याचे उत्तर प्रथिनांत आहे.

समजा, घाटमाथ्यावर एक गाव आहे. तेथे मीठ पिकत नाही. सारे मीठ खालून एकाच रस्त्याने येते. तांदूळही त्याच रस्त्याने येतो. पण तांदूळ गावातही पिकू शकतो. आता गावात तांदळाची पोती वाढलेली दिसली, तर ती बाहेरून आली की गावात पिकली? उपाय सोपा आहे: मीठ मोजा. मिठावरून रस्ता किती मोकळा आहे ते कळते. तेवढ्या रहदारीत जितका तांदूळ यायला हवा, त्याहून जास्त सापडला, तर तो गावातच पिकला असला पाहिजे.

अल्ब्युमिन नावाचे प्रथिन हे येथले मीठ. ते फक्त यकृतात तयार होते. मेंदूच्या पाण्यात दिसते ते सारे रक्तातूनच आलेले. रोगाशी झुंजणारी प्रतिपिंडे हा तांदूळ. ती रक्तातून पाझरली, की मेंदूतच तयार होत आहेत, हा खरा प्रश्न. मेंदूतच होत असतील, तर तेथे दाह चालू आहे, असे समजावे.

म्हणून पाण्याबरोबर त्याच वेळी रक्तही घेतात आणि दोहोंतील प्रमाण काढतात. शिक्षकमंडळींनी हे गणित फळ्यावर करून पाहावे. रक्तात अल्ब्युमिन लिटरला 40 ग्रॅम आणि पाण्यात 0.3 ग्रॅम असेल, तर प्रमाण हजारी साडेसात. हे जास्त की बरोबर? वयाला 15 ने भागा आणि त्यात 4 मिळवा. ती हजारी मर्यादा. तीस वर्षांच्या माणसाची मर्यादा 6, साठ वर्षांच्या माणसाची 8. म्हणजे तोच आकडा तरुणात वाईट आणि वृद्धात चालण्यासारखा!

प्रतिपिंडांचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. पाण्याचा ओघ मंदावला की प्रथिने साठत जातात, पण लहान-मोठी सगळी सारख्या वेगाने नव्हे. जर्मनीतील गटिंगेन येथील हान्सोटो रायबर यांनी 1987 साली दाखवले, की हे नाते सरळ रेषेचे नसून वक्ररेषेचे आहे. त्यांच्या आलेखावर रोग्याचा ठिपका रेषेखाली पडला, तर प्रतिपिंडे रक्तातून आलेली. वर पडला, तर मेंदूत तयार झालेली. प्रतिपिंडांचे तीन प्रकार, प्रत्येकाची वेगळी वक्ररेषा, शिवाय वय, पेशी आणि साखर. एवढे सगळे हाताने मांडताना चूक व्हायचीच. संगणक ते क्षणात मांडतो, आलेख काढतो, आणि न जुळणारा आकडा आला तर प्रयोगशाळेला सावध करतो.

पण संगणकाला रोगी दिसत नाही. नळी दोन तास उन्हात राहिली, तर पेशी फुटतात, साखर उतरते, आणि उत्तर बिनचूक छापलेले पण खोटे येते. क्षयाच्या जंतूची जनुके दोनेक तासांत शोधणाऱ्या यंत्राची जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली या पाण्यासाठीही शिफारस केली. तरी तेही नाही म्हणाले म्हणजे क्षय नाहीच, असे ठरत नाही. शेवटचा निर्णय डॉक्टरांचाच, आणि क्षयाची दाट शंका असेल तर ते अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात.

आपण काय करावे? ताप, डोकेदुखी, उलट्या, मान ताठणे, गुंगी ही लक्षणे दिसली की अंगारे-धुपाऱ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. तान्ह्या मुलाची मान ताठतेच असे नाही. टाळू फुगलेली दिसली तरी थांबू नये. गुरुजींनी आणि बाईंनीही ध्यानात ठेवावे, की क्षयाची सूज हळूहळू येते. हसते-खेळते मूल आठ-पंधरा दिवस मलूल, चिडके झाले, डोके दुखते म्हणू लागले, तर आईबापांना बोलावून सांगावे. बाळाला जन्मतः बी.सी.जी.ची लस टोचून घ्यावी. मुलांना या रोगापासून ती बरेच संरक्षण देते. आणि डॉक्टरांनी पाठीतले पाणी काढायचे म्हटले, तर शंका जरूर विचाराव्यात. पण "उद्या बघू" म्हणून रोग्याला घरी मात्र नेऊ नये.