दिवाळीतील किल्ला

दिवाळीतील किल्ला ही महाराष्ट्रात, विशेषतः पश्चिम महाराष्ट्र व कोकणात, दिवाळीच्या सुमारास मुलांनी अंगणात, गच्चीत किंवा सोसायटीच्या आवारात मातीची दुर्गप्रतिकृती उभारण्याची प्रथा आहे. किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराज, मावळे, तोफा इत्यादींची चित्रे, म्हणजे लहान मूर्ती, मांडतात. डोंगर, तट व वाटा यांचे भूरूप रंगवून त्यावर सैन्य मांडले जात असल्याने लघुमूर्तींच्या युद्धखेळात वापरल्या जाणाऱ्या भूप्रदेश-फलकाशी या प्रथेचे साम्य आहे.

बांधणी

दगड, विटा किंवा खोकी रचून डोंगराचा सांगाडा तयार करतात. त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरून मातीचा लेप देतात. गोणपाटामुळे उतारावरील माती घसरत नाही व ओलावा टिकतो. तट, बुरूज, दरवाजे, पायऱ्या आणि विहीर ओल्या मातीतच घडवतात.

रंगकाम

किल्ल्याचा रंग बराचसा साहित्यातूनच येतो. तटासाठी गेरू, पायवाटांसाठी चुना किंवा रांगोळी, तर शेतांसाठी रंगवलेला लाकडाचा भुसा वापरतात. हिरवळीसाठी अळीव, मोहरी किंवा गहू पेरतात. अळीव व मोहरी काही दिवसांतच उगवत असल्याने पेरणी दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी करतात. पाणी ओतल्यास बी व गेरू दोन्ही वाहून जातात. म्हणून ते हाताने शिंपडतात.

सह्याद्रीतील किल्ल्यांचे कडे काळ्या बेसाल्ट खडकाचे असतात. ते दाखवताना लेप पूर्ण वाळल्यावर आधी गडद राखाडी रंग देतात. मग जवळजवळ कोरड्या ब्रशाने फिकट रंग केवळ उंचवट्यांवर फिरवतात. खाचा गडद राहिल्याने कड्याला खोली येते. युद्धखेळाचे फलक रंगवणारेही हीच पद्धत वापरतात. कोकणातील जमिनीसाठी जांभ्याचा तांबूस रंग, तर कुरटे बेटावरील सिंधुदुर्गासारख्या जलदुर्गाभोवती निळे पाणी दाखवतात.

प्रमाण

किल्ला व चित्रे सहसा एका प्रमाणात नसतात. पाच सेंटीमीटर उंचीचा मावळा सुमारे १:३३ या प्रमाणात बसतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच असलेला रायगड त्याच प्रमाणात केल्यास सुमारे २५ मीटर उंच करावा लागेल. उलट, तीन फुटांच्या रायगडावर मावळा दोन मिलिमीटरहूनही लहान असेल. त्यामुळे अशा प्रतिकृतीत चित्रे प्रसंग सांगतात, तर गडाची रचना डोंगराच्या आकारातून कळते.

भूरूपाचे महत्त्व

युद्धखेळात भूप्रदेश हा सजावटीचा भाग नसून खेळाचा पाया असतो. प्रशियात गेओर्ग लेओपोल्ड फोन राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म या राजासाठी केलेल्या युद्धखेळाच्या टेबलावर उठावाच्या रंगीत फरश्या जोडून भूप्रदेश तयार करता येत असे. पुढे त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये हा खेळ नकाशावर आणला.

दिवाळीतील किल्ल्यात खेळाचे नियम नसतात. तरीही भूरूप नेमके असल्यास इतिहास उलगडतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी झालेल्या प्रतापगडाच्या युद्धाचा देखावा करताना केवळ गड व भेटीचा शामियाना दाखवल्यास लढाईचा अर्धाच भाग समजतो. जावळीचे दाट अरण्य, अरुंद वाटा आणि पायथ्याच्या पार गावाजवळची आदिलशाही छावणी दाखवल्यास मोठ्या सैन्याची त्या दरीत कोंडी का झाली हे ध्यानात येते. राजगडाच्या प्रतिकृतीतही बालेकिल्ला उंच ठेवून पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना काढल्या, तरच तो गड ओळखू येतो.

सद्यस्थिती

शहरांत अंगणे कमी झाल्याने प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार, रंगवलेले किल्ले बाजारात मिळू लागले आहेत. ते कमी जागेत मावतात. मात्र बहुतेकांचा आकार ठरावीक असल्याने विशिष्ट गडाचे भूरूप त्यांत उतरत नाही. दुसरीकडे, अनेक ठिकाणी होणाऱ्या किल्ले स्पर्धांमुळे नकाशे पाहून व प्रत्यक्ष गडाला भेट देऊन प्रतिकृती करण्याकडे कल दिसतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने रायगड, राजगड, प्रतापगड व सिंधुदुर्ग यांसह १२ किल्ल्यांचा ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जागतिक वारसा यादीत समावेश केला.