पाण्याशी न जमणारे औषध

पॅक्लिटॅक्सेल हे स्तनाच्या कर्करोगावरचे जुने, खात्रीचे औषध. पण ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून एरंडेल तेलापासून बनवलेल्या द्रावकात मिसळून सलाइनमधून देतात. या द्रावकानेच काही रुग्णांना धाप लागते, रक्तदाब कोसळतो. म्हणून आधी स्टिरॉइड द्यावे लागते. घोड्यापेक्षा खोगीरच जड!

पॉलिमरच्या अभ्यासातून यावर एक वाट निघाली. रेणूंच्या साखळीचे एक टोक पाण्यात रमणारे, दुसरे पाणी टाळणारे. पाण्यात पडताच अशा साखळ्या, साबणाच्या रेणूंप्रमाणे, आपोआप एकत्र येऊन सूक्ष्म गोळे बनवतात. पाणी टाळणारी टोके आत, त्यांच्यात औषध. दक्षिण कोरियात २००७ पासून असे इंजेक्शन मिळते. द्रावकाचा त्रास वाचतो. हातापायांना मुंग्या येणे मात्र टळत नाही, तो औषधाचाच दोष.