प्रवेशाच्या प्रतीक्षेतील तीन महिने

अमेरिकेतील महाविद्यालयांत पदवी अभ्यासक्रमासाठी नियमित फेरीचे अर्ज स्वीकारण्याची मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या प्रारंभी संपते. निर्णय कळतो तो मार्चअखेरीस वा एप्रिलच्या सुरुवातीस. मधल्या तीन महिन्यांत विद्यार्थ्याने करावयाचे काय, असा प्रश्न तेथे अर्ज करणाऱ्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या पालकांस व शिक्षकांस पडतो. आपल्याकडील अभियांत्रिकी प्रवेशाच्या केंद्रीभूत फेऱ्यांत तो पडण्याचे कारण नाही. गुणवत्ता क्रमांक, आरक्षण व विद्यार्थ्याने भरलेला पसंतीक्रम यांवर जागा ठरते. महाविद्यालयास लिहिलेल्या पत्राने तो क्रमांक हलत नाही. अमेरिकेतील काही महाविद्यालये मात्र अर्जदार आपल्याविषयी किती उत्सुक आहे, याची रीतसर नोंद ठेवतात.

याचे कारण व्यावहारिक आहे. तेथे एकच विद्यार्थी अनेक महाविद्यालयांत अर्ज करतो, आणि प्रवेश मिळाल्यावर कोठे जावयाचे हे बहुधा 1 मेपर्यंत ठरवितो. अपेक्षेपेक्षा अधिक विद्यार्थी आले तर वसतिगृहातील खोल्या अपुऱ्या पडतात. कमी आले तर शुल्काच्या उत्पन्नात तूट येते. साहजिकच, बोलावल्यास येणारा कोण, याचा अदमास महाविद्यालयास घ्यावा लागतो.

तथापि या उत्सुकतेचे माप वाजवीपेक्षा मोठे धरू नये. प्रवेश समुपदेशकांच्या तेथील राष्ट्रीय संघटनेने 2018 च्या प्रवेशांविषयी केलेल्या पाहणीत सुमारे 16 टक्के महाविद्यालयांनी तिला विशेष महत्त्व दिले होते. शालेय गुणांना तसे महत्त्व देणारी महाविद्यालये जवळजवळ तीन-चतुर्थांश होती. हार्वर्ड, स्टॅनफर्ड व एमआयटी या संस्था ती विचारातच घेत नाहीत. कोणते महाविद्यालय काय करते, हे शोधण्यासाठी दलालाकडे जाण्याची गरज नाही. बहुतेक महाविद्यालये दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ या नावाने आपली माहिती प्रसिद्ध करतात. तीत ‘अर्जदाराची उत्सुकता’ या घटकापुढे अति महत्त्वाचा, महत्त्वाचा, विचारात घेतला जाणारा किंवा न घेतला जाणारा, अशी स्पष्ट नोंद असते.

या पद्धतीत एक अन्याय दडलेला आहे. लीहाय विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रत्यक्ष भेट देणाऱ्या अर्जदाराचा लाभ केवळ दुरून संपर्क साधणाऱ्यापेक्षा अधिक असल्याचे दिसून आले. विमानाचे भाडे ज्याला परवडते त्याची उत्सुकता उठून दिसावी, हे गुणवत्तेच्या कोणत्याही व्याख्येत बसणारे नाही. गडचिरोलीच्या विद्यार्थ्याने दूरदृश्य माहितीसत्रास नाव नोंदवून हजर राहावे. त्यास सहसा शुल्क नसते. कर्ज काढून महाविद्यालय पाहावयास जाऊ नये.

नियमित फेरीचा अर्ज गेल्यानंतर पत्र लिहावयाचे ते नवे सांगण्यासारखे असेल तरच. लवकरच्या फेरीतून ज्याचा निर्णय पुढे ढकलला गेला, त्याच्या पत्रास मात्र खरा अर्थ असतो. ते एका पानाचे असावे. अर्जानंतर मिळालेले गुण, पूर्ण झालेला प्रकल्प आणि त्याच महाविद्यालयातील कोणत्या अभ्यासासाठी यावयाचे, एवढे त्यात पुरे. ‘प्रवेश मिळाल्यास निश्चित येईन’ हे वाक्य एकाहून अधिक ठिकाणी लिहिणे ही फसवणूक होय. दर आठवड्यास स्मरणपत्रे धाडल्याने कार्यालय त्रासते, इतकेच.

शिक्षकांचे काम येथेच आहे. अनेक महाविद्यालये बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण दर्शविणारा मध्यवर्ष अहवाल शाळेकडून मागवितात. तो विद्यार्थ्यास पाठविता येत नाही. मुख्याध्यापक वा समुपदेशक यांनीच तो पाठवावयाचा असतो. सहामाही परीक्षेचे गुणपत्रक कपाटात राहिले, तर विद्यार्थ्याने लिहिलेल्या उत्तम पत्राचाही आधार जातो.

प्रतीक्षायादीत नाव आल्यास यादीत राहण्याची संमती मुदतीत कळवावी लागते. त्या यादीतील हालचाल बहुधा 1 मेनंतर सुरू होते. म्हणून तत्पूर्वी, जेथे प्रवेश मिळाला आहे अशा एका महाविद्यालयात अनामत भरून जागा राखून ठेवणे आवश्यक आहे. प्रतीक्षायादीतून पुढे बोलावणे आल्यास ही अनामत सहसा परत मिळत नाही, हे पालकांस आधीच सांगून ठेवावे.