नव्या कल्पनेची परीक्षा पाटाच्या पाण्यात

वाईच्या कृष्णाकाठी गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली बांधविलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागील भिंत मत्स्याकार, निमुळती आहे. पुराचे पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते. सपाट भिंतीला तोच लोंढा छातीवर झेलावा लागला असता.

ओढ्याकाठच्या विहिरीस कठडा बांधू इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंनी नुसते दर्शन घेऊन परतू नये. देवळाची पाठ अवश्य पाहावी. मग घरी चिखलाचे दोन ठोकळे वाळवावेत, एक सपाट व एक निमुळता. निमुळत्याचे टोक प्रवाहाकडे करून दोन्ही पाटात ठेवावेत व पाणी सोडावे. कोणता आधी झिजतो, काठ कोठे खचतो, हे मुलांनाही पाहू द्यावे. त्यांचे प्रश्न पुष्कळदा नेमके असतात. आकार पसंत पडेपर्यंत दगडाची गाडी सांगू नये.